वीतभर खुंट

सुलेखावहिनींच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही, हे आठवलं की गोविंदराव उठत, बाल्कनीत जात आणि जास्वंदीच्या कुंडीपुढे वाकून बघत. आज सकाळपासून अशा बऱ्याच खेपा झाल्या होत्या. कुंडीत वीतभर खुंट तेवढे उभे होते. खुंटांवर काही नव्हतं.

पत्र जानेवारीत लीड्सहून आलं होतं. मजकूर थोडाच. 'भाऊजी, ह्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलेलं डॉगवूड तुम्ही फोटोत पाहिलंय. थंडीत पानं झडली की नुसत्या लालभडक काड्या उरायच्या. हे गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही आणि काड्या राखट पडत चालल्यात. शेजारचे झाडांतले जाणते आहेत, ते म्हणतात, मार्च संपायच्या आत बुडाशी छाटा, रंग नव्या फुटव्यालाच येतो. मी कात्री घेऊन जाते आणि तशीच परत येते. तुम्ही सांगा, कापू का?'

वहिनींचा नवरा निशिकांत गोविंदरावांचा शाळेपासूनचा मित्र. गोविंदरावांनी त्याच दिवशी कागद पुढे ओढला होता. मग वाटलं, आधी नीट वाचून घ्यावं. लायब्ररीतून बागकामाची पुस्तकं आली. सगळी एकच सांगत होती, कापा. पण ती पुस्तकं झाली. गोविंदरावांच्या हातून आजवर तुळससुद्धा धड जगली नव्हती. आपल्या शब्दावर वहिनींनी कापलं आणि वाळून गेलं तर? उत्तराचे कागद फाटत राहिले आणि मार्च उजाडला. शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि सुनेची जास्वंद छाटून टाकली. ही फुटली, तर तेही फुटेल. विभाला त्यांनी सांगितलं, कीड लागली होती.

"आजोबा, डेड ऑलरेडी लाह," नात गार्गी फोनमधून मान वर न काढता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

"इतक्यात काही सांगता येत नाही," गोविंदराव म्हणाले आणि पुन्हा वाकले.

मंगळवार होता. विभा जुरोंग आयलंडवरच्या कामावरून आली तेव्हा तिच्या हातात विकतच्या झेंडूची पिशवी होती. एरवी मंगळवारी गणपतीला घरची जास्वंद असायची. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि ती सरळ बाल्कनीत आली.

"कीड नव्हती, बाबा. आदल्याच दिवशी मी पानं पुसली होती."

गोविंदरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग सगळं सांगितलं. सांगताना ते कुंडीकडेच बघत होते.

विभा रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती कठड्याला टेकून ऐकत राहिली.

"म्हणजे माझी जास्वंद तुमची प्रयोगशाळा."

"चुकलंच माझं."

"ते असू दे. पण बाबा, हिला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नाही. ते झाड दरवर्षी बर्फात उभं राहतं. हिच्यावरून त्याचं कसं ठरणार?"

"तेच तर," गोविंदराव म्हणाले. "ते मलाही कळतं. मी ते झाड बघितलेलंदेखील नाही. मला त्यातलं काही म्हणता काही कळत नाही."

"हे सुलेखाकाकूंना माहीत आहे?"

"माहीत आहे की. निशिकांत चारचौघांत माझ्या तुळशीचा विषय काढून हसायचा."

"शेजारी झाडांमधला जाणता माणूस आहे. त्यानं सांगितलंय. मग त्यांनी तुम्हाला कशाला विचारलं असेल?"

खाली स्विमिंग पूलवर पोरं ओरडत होती. विभा आत गेली आणि तिनं देवाजवळ दिवा लावला. झेंडूचा वास बाहेरपर्यंत आला.

ते टेबलाशी बसले. पुस्तकं खुर्चीवरून उचलून खाली ठेवली, उघडलं एकही नाही. या खेपेला कागद फाटला नाही.

'सौ. वहिनींस' असं लिहून त्यांचा हात थबकला. 'सौ.' खोडलं. दुसरा कागद घ्यावा असं मनात आलं, पण घेतला नाही. पुढे लिहिलं,

'वहिनी, कापा. वीतभर खुंट ठेवा, बाकी सगळं काढा. वाळलं, तर गोविंदानं सांगितलं म्हणून कापलं असं म्हणा. निशिकांतचा राग माझ्यावर. त्याची मला सवय आहे.'

सकाळी ते एमआरटी स्टेशनाजवळच्या टपालपेटीपाशी गेले. ऑफिसला जाणारी माणसं दोन्ही बाजूंनी धावत होती. त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला, तिकीट दाबून पाहिलं, पाकीट फटीत घातलं आणि टोक धरून ठेवलं. 'निशिकांतचा राग' हे नको होतं का? आणि ते खोडलेलं 'सौ.'? घरी जाऊन एकदा नीट लिहून आणलं तर?

मागे एक चिनी बाई हातात पत्र घेऊन उभी होती. तिनं थोडी वाट पाहिली.

"अंकल, पोस्टिंग ऑर नॉट?"

गोविंदरावांनी बोटं सोडली. आत कुठेतरी कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला. त्यांनी हात बाहेर काढला. नखात कुंडीतली माती अजून होती.

"पोस्टेड," ते म्हणाले आणि बाजूला झाले.