आईची चटई

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरातल्या आमच्या गावात शहरातून एक डिझायनर बाई आली. मेल्यावर गुंडाळायला म्हणून आईने स्वतःसाठी विणलेली ताडपात्यांची चटई तिला फार आवडली. "प्रदर्शनात भिंतीवर लावीन," ती म्हणाली.

गरिबांच्या त्या चालीची मला लाज वाटायची. आईला न विचारता मी चटई देऊन टाकली.

"मग मला कशात गुंडाळशील? वर्तमानपत्रात?" आईने विचारलं.

"पॉलिश केलेली पेटी आणेन, आई."

"पेटीत बटाटे ठेव."

तिने पुन्हा पाती भिजवली, पण बोटं वळेनात. चटई परत मागायला मी शहरात गेलो नाही. कशाला हवी, हे सांगावं लागलं असतं.

नवी चटई पावलांपासून गुडघ्यांपर्यंतच पुरेल एवढी झाली. आई त्याच वर्षी मक्याच्या कापणीच्या दिवसांत वारली.