नव्या गव्हाचा पाव

सून पुन्हा न्हाणीघरात धावली आणि बेकरीवाली सासू जागची उठून पुन्हा बसली. सकाळपासून हेच चाललं होतं. आत सुनेच्या ओकाऱ्या, बाहेर डोक्याला हात लावून बसलेला मुलगा.

गहू मुलाचा होता. गव्हातलं जे त्याच्या बायकोच्या आतड्यांना सोसत नाही, तेच त्याने प्रयोगशाळेत गव्हाच्या जनुकांमधून काढून टाकलं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. चाचण्या झाल्या, परवानग्या आल्या आणि काल पहिलं पीठ घरी आलं. पाव मात्र आईनेच भाजायचा, हा त्याचा हट्ट.

आणि आईने काय केलं? ते पीठ बाजूला ठेवून नेहमीच्याच पिठाचा पाव भाजला! अख्खी पेठ हिच्या पावासाठी रांग लावते आणि घरची सून त्याला हात लावत नाही, हे तिला मुलाच्या लग्नापासून डाचत होतं. आजार कसला मेला, नुसते नखरे. एकदा खाऊन पचू दे, मग सगळ्यांसमोर सांगू, हा आमचा रोजचाच पाव म्हणून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

"फसला गहू," मुलगा म्हणाला. "आत्ताच प्रयोगशाळेत कळवतो. बंद करा म्हणावं सगळं."

त्याने फोन उचलला. जन्मभर दुसऱ्यांना फडाफडा बोलणाऱ्या त्या बाईला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"थांब रे! गहू नाही फसला," ती कशीबशी म्हणाली. "मी पीठ बदललं."

मुलाने फोन ठेवला आणि तिच्याकडे पाठ फिरवली. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. मान खाली घालून ती न्हाणीघराशी गेली. सून भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. सासूने पदराने तिचं तोंड पुसलं.

"चुकले गं मी. पावात साधंच पीठ होतं."

"माहीत आहे. तुम्ही मळत होतात तेव्हा मी दारातच उभी होते."

"अगं, मग खाल्लंस कशाला?"

"लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही मला जवळ बसवून खायला घातलंत, आई. नको कशी म्हणणार?"