पाय धुण्याआधी

"यादी कुणी दिली ते त्याने स्वतः उठून सांगावं. तोवर मी पाय पुढे करणार नाही," सहदेव म्हणाला.

पास्टर मधुकर परातीपाशी गुडघे टेकून बसले होते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुवायचे, ही चारकोपच्या या छोट्या ख्रिस्ती मंडळीची रीत. अकरा जणांचे झाले होते. पास्टरांची कंबर पार गेली होती.

महिनाभर हेच चाललं होतं. धर्मांतराच्या कायद्यावरून टीव्हीवर रोज आरडाओरडा, आणि इथे मंडळीत नव्याने येणाऱ्या बावीस जणांची नावं कुणीतरी पत्त्यांसकट भागातल्या एका पुढाऱ्याच्या ऑफिसात पोचवलेली. पुढाऱ्याची माणसं घरोघर जाऊन दम देऊन आली. सहदेवच्या बायकोचं, प्रेमाचं, नावही त्या यादीत होतं; तिला तिचे भाऊ मालवणला घेऊन गेले, ते परत पाठवायचं नाव नाही. असल्या राजकारणाचा खरंच वीट येतो. भाषणं करणारे नामानिराळे राहतात आणि संसार मोडतात ते भलत्यांचेच.

"नाव कळून काय करणार आहेस?" पास्टरांनी विचारलं.

"तोंडावर विचारणार. माझ्या बायकोने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"त्याने प्रेमा परत येणार आहे का रे?"

कमिटीतल्या जानकीबाई मागून म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो. क्षमा करा, क्षमा करा म्हणत आपणच किती मरायचं? उद्या आणखी कुणाची नावं जातील. वकील करा ना सरळ."

"यहूदा धरून देणार हे प्रभूला ठाऊक होतं," पास्टर म्हणाले. "तरी त्याचेही पाय धुतलेच ना? वैऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा निवडणुका बघून दिलेली नाही, जानकीबाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. महिनाभर हा माणूस धड जेवला नव्हता, ते सगळ्यांना दिसत होतं. प्रार्थनेचा हा हॉल बंद करा म्हणून पुढाऱ्याने तगादा लावला होता. तोही त्यांनीच खेपा घालून कसाबसा मिटवला होता. एवढं केलेल्या माणसाला आणखी किती छळायचं, असं जानकीबाईंनाही वाटलं.

"सोडून दे, सहदेव," पास्टर म्हणाले. "माझ्यासाठी."

सहदेव खुर्चीवरून उठला, पास्टरांना दंडाला धरून तिथे बसवलं आणि स्वतः खाली गुडघ्यांवर बसला.

"काल मीही गेलो होतो पुढाऱ्याच्या ऑफिसात," त्यांचा पाय हातात घेत तो फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. "यादीवरचं तुमचं अक्षर ओळखलं मी."