ईश्वरीची वकील

"तुला कुठं राहायचंय?" वकील नसीम मुजावर यांनी दहा वर्षांच्या ईश्वरीला विचारलं. दीड वर्षात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आईला क्षयरोग झाला तेव्हा बालकल्याण समितीनं ईश्वरीला देशिंगकर दांपत्याकडे सांभाळायला दिलं होतं. तिथं स्वतंत्र खोली होती, सायकल होती, मायाही होती. आता आई बरी झाली होती, पण तिची खोली एकच, पत्र्याची.

"आईकडे," ईश्वरी म्हणाली.

समितीसमोर मुजावर मॅडम पाऊण तास बोलल्या. डॉक्टरांचे अहवाल, शेजारणींचे जबाब, आईच्या नोकरीचं पत्र, सगळं त्यांनी स्वतः फिरून मिळवलं होतं. शेवटी मुलीला आईकडे सोपवण्याचा आदेश झाला.

बाहेर आल्यावर ईश्वरीनं विचारलं, "तुम्हालाही असंच वाटत होतं ना?"

मॅडमनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "नाही गं. मला वाटत होतं, तू देशिंगकरांकडेच राहावंस."

"मग इतकं भांडलात कशाला?"

"मी तुझी वकील आहे. तिथं तुझं म्हणणं मांडायचं होतं, माझं नाही."

ईश्वरीनं आईला थांबायला सांगितलं, मॅडमच्या हातातली कागदांची जड पिशवी घेतली आणि ती त्यांना रिक्षापर्यंत सोडून आली.