वायरमनचे कपडे

"साहेबांची तारचोरी आता वरपर्यंत कळवतोच," असं बायकोला तावातावाने सांगून वायरमन सकाळी कामावर गेला आणि दुपारच्या वादळात खांबावरच शॉक लागून मेला.

दुसऱ्या दिवशीही वारा पत्रे उचकटत होता. साहेब फौजदाराला घेऊन दारात हजर. "वहिनी, खाली डीपीच्या फ्यूजपेटीपाशी मी एकटाच होतो. घाईत फ्यूज न काढताच चढला हो तो!"

वायरमनच्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात टाकल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी खांबाला हात लावला नव्हता. इस्पितळातून आलेलं कपड्यांचं गाठोडं तिने फौजदारासमोरच सोडलं आणि शर्ट झटकला. खिशातला फ्यूज खणकन फरशीवर पडला.



"एकटेच होतात ना, साहेब? मग याच्या जागी दुसरा फ्यूज कोणी बसवला?"