दीड फुटाची सळई
महिन्यात तिसऱ्यांदा धरणाचा भोंगा वाजला आणि खालचं गाव टेकडीवर धावलं. पाणी जागेवरच होतं. “पातळी मोजणारा सेन्सर बदल,” आमचा साहेब लाइल म्हणाला. मी दोनदा बदलला होता. मग आकडे टिपणाऱ्या यंत्राच्या अर्थिंगची सळई ओढून पाहिली, तर गाजरासारखी हातात आली. ती जमिनीत आठ फूट खोल पुरायची असते. निघाली दीड फूट. बसवताना खडक लागल्यावर ठेकेदारानं वर उरलेली सळई कापून टाकली आणि जमिनीवर दिसणाऱ्या टोकाचा फोटो दिला. लाइलनं त्यावर सही ठोकली. अर्थिंगशिवाय आकडे उड्या मारणारच आणि भोंगा उगाच वाजणारच. मी सळई त्याच्या टेबलावर आपटली. “फोटोत तर चांगली दिसत होती,” तो म्हणाला. खडक चुकवून मी नवी सळई तिरकी ठोकली. आकडे सुधारले. आज बर्फ वितळून पाणी खरंच चढलं, तसा नदीकाठच्या व्हर्ना आजींना फोन केला, “लगेच निघा.” “मागच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास. पाय भिजले की निघेन.”