अर्धा आटा सैल

"पेशी हवेवाचून मरत नाही," प्राध्यापक थांग म्हणाले, "हवा संपली अशी तिची खात्री पटली, की मरते."

एवढं बोलून त्यांनी मानेवरचा घाम पुसला. शांघायचा दमट जून होता. बुरशीच्या धास्तीने प्रयोगशाळेच्या खिडक्या त्यांनीच बंद करवल्या होत्या, फटींना चिकटपट्टीसुद्धा लावून घेतली होती. समोर पदवी-परीक्षेच्या समितीचे तिघे कागदांनी वारा घेत होते. मधोमध निएबाई. वय सत्तरीचं, आणि नात्याने थांग यांच्या थोरल्या गुरुभगिनी.

कोपऱ्यात थांग यांची विद्यार्थिनी मियाओ रुओलान उभी होती. पाच वर्षं ती रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना फसवत आली होती. कोबाल्टचं गुलाबी पाणी हे तिचं औषध. ते घातलं, की भोवती हवा असूनही पेशींना ती संपल्यासारखी वाटते आणि त्या मरतात. बिनऔषधाच्या पेशी मात्र जगायला हव्यात. हे समितीला आज डोळ्यांनी बघायचं होतं. दिसलं तर पदवी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

पेशींच्या बाटल्या उबेच्या पेटीतून थांग यांनी स्वतःच मिरवत आणल्या. निएबाईंनी एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"औषधवाल्या मेल्या आहेत."

थांग प्रसन्न हसले. बाईंनी दुसरी बाटली ठेवली आणि जरा जास्तच वेळ बघितलं.

"या बिनऔषधाच्या. याही मेल्या आहेत. मग औषधाने काय केलं, मुली?"

"शनिवारी दुपारी जिवंत होत्या, मॅडम," रुओलान कशीबशी म्हणाली. "मी मोजल्या होत्या."

"मोजल्या असतील हो," थांग मध्येच म्हणाले, "पण पोरगी कामात ढिली. ताई, पंधरा वर्षांत मी त्या पेटीला हात लावला नव्हता. तुम्ही येणार म्हणून शनिवारी संध्याकाळी उघडली. बघतो तर काय, एकाही बाटलीचं झाकण धड लावलेलं नाही. बाराच्या बारा अर्धा आटा सैल. शेवटी मीच एकेक पिळून घट्ट बसवलं."

कागदांचा वारा थांबला.

निएबाईंनी बाटलीचं झाकण फिरवून पाहिलं. फिरेना. शेजारच्या परीक्षकाने रुमाल दिला, तेव्हा कुठे फिरलं.

"थांग, अर्धा आटा सैल ठेवतात," त्या म्हणाल्या. "आत हवा जावी म्हणून. चौऱ्याऐंशी साली मीच शिकवलं होतं तुला."

"हो, ताई."

"हिने बिचारीने नुसतं फसवलं होतं त्यांना. तू खरोखरच गुदमरवलंस." मग त्या रुओलानकडे वळल्या. "पुढच्या सोमवारी पुन्हा दाखव. आणि पेटीची किल्ली तुझ्या खिशात ठेव."

रुओलानने मान हलवली. हसू येऊ नये म्हणून ती जमिनीकडे बघत राहिली.

थांग खुर्चीत बसले. चेहरा लालबुंद झाला होता. टायची गाठ त्यांनी ओढून पाहिली, ती आणखीच आवळली.

"रुओलान, बाळा," ते हळूच म्हणाले, "तेवढी चिकटपट्टी काढून खिडकी उघडतेस का जरा? अर्धी पुरे."